टोमॅटो आखडलाय : कुंडी बदलायची की रोप उपटायचं?

एका मैत्रिणीच्या बाल्कनीतल्या टोमॅटोची पानं वळली, वाढ खुंटली. मोठ्या कुंडीत हलवू की उपटून नवं लावू, हा तिचा प्रश्न. आधी पानं बघा.

खालची जुनी पानं नळीसारखी वळलीत, हाताला जाडसर लागतात, पण हिरवी आहेत? मग कडक ऊन, कधी कोरडी तर कधी चिंब माती, नाहीतर मुळांना अपुरी जागा. शेंड्याची नवी पानं मात्र बारीक, चुरगळलेली, कडेने पिवळी आणि पेरं आखूड असतील, तर तो बोकड्या, म्हणजे पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. फांदी हलवल्यावर पानांखालून पांढरे ठिपके उडाले की संशय बळावतो.

खर्चाने पाहिलं तर १५-२० लिटरची कुंडी आणि माती महाग, रोप स्वस्त. वेळेचं उलट: हलवलेलं झाड लवकर सावरतं, नव्या रोपाला फळ धरून पिकायला दोन-अडीच महिने लागतात. धोका मात्र एकाच बाजूला. बोकड्याचं झाड ठेवलं तर माशी तो शेजारच्या टोमॅटोवर नेते. कडुनिंबाचं तेल माशी कमी करतं, आत शिरलेला विषाणू काढत नाही. बाटलीवर काहीही छापलेलं असो.

शेंडा निरोगी असेल तर मोठी कुंडी घ्या, मुळांचा गोळा न फोडता हलवा. शेंडाच चुरगळला असेल तर उपटा, पिशवीत बांधून टाका आणि 'अर्का रक्षक'सारखं बोकड्याला दाद न देणारं वाण लावा.