लॅमिन की ट्यूब्युलिन: प्रकल्पासाठी कोणते प्रथिन निवडावे?

पेशीचा सांगाडा घडवणारी प्रथिने डीएनएच्या प्रतिकृतीवर आणि गाठींच्या वाढीवर कसा परिणाम करतात, या विषयावर पदव्युत्तर प्रकल्प करू पाहणारी रत्नागिरीची एक विद्यार्थिनी लॅमिन आणि ट्यूब्युलिन या दोन प्रथिनांच्या पर्यायांत अडकली आहे.

प्रतिकृतीशी थेट नाते लॅमिनचे आहे. केंद्रकाच्या आतील पटलाला लागून असलेली लॅमिनची जाळी विस्कटली, तर डीएनएची नवी साखळी लांबवण्याचे काम अडते, हे बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातील केंद्रकांवर दिसून आले आहे. ट्यूब्युलिनचे मुख्य काम त्यानंतरचे, म्हणजे प्रतिकृत गुणसूत्रे दोन पेशींत वाटणारे तर्कुतंतू उभारण्याचे.

गाठींबाबत लॅमिनचे चित्र गुंतागुंतीचे आहे: काही कर्करोगांत लॅमिन-ए हा त्याचा एक प्रकार घटतो, तर काहींत वाढतो. ट्यूब्युलिनचा पुरावा मात्र उपचारांतूनच मिळतो. आपल्या अंगणांत फुलणाऱ्या सदाफुलीतील व्हिनक्रिस्टीन हे कर्करोगावरील औषध ट्यूब्युलिनलाच चिकटून पेशीविभाजन रोखते.

खर्चात खरा फरक आहे. लॅमिनसाठी प्राणिपेशींचे संवर्धन, प्रतिपिंडे आणि प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक लागतो. वनस्पतींत लॅमिन नसल्याने कांद्याच्या मुळांवर भागत नाही. ट्यूब्युलिनसाठी मात्र तीच मुळे, गुणसूत्रे रंगवणारे अॅसिटोकार्मिन, साधा सूक्ष्मदर्शक आणि ट्यूब्युलिनला चिकटून तर्कुतंतू रोखणारे थोडे कोल्चिसिन पुरते. कोकणातल्या कळलावीच्या वेलीतही असणारे हे द्रव्य अत्यंत विषारी आहे, म्हणून ते मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालूनच हाताळावे.

किनाऱ्यावरच्या लहान महाविद्यालयात, मोजक्या महिन्यांत प्रयोग पूर्ण करायचा असेल, तर ट्यूब्युलिन घ्यावे. प्रश्न प्रतिकृतीचाच असेल आणि मुंबई-पुण्याच्या सुसज्ज प्रयोगशाळेत जागा मिळत असेल, तर लॅमिनच योग्य.