पन्नास पैशांत अंक घरपोच : ‘नोंदणीकृत वृत्तपत्र’ या टपालसेवेचे परीक्षण

सोलापुरातून नवे मराठी मासिक काढणाऱ्याच्या अंदाजपत्रकात कागद, छपाई आणि बांधणी यांचे आकडे पहिल्या दिवसापासून असतात. टपालाचा आकडा मात्र बहुतेक वेळा अंक छापून झाल्यावर मांडला जातो आणि वर्गणीवर चालणारी मासिके तिथेच अडचणीत येतात. यंत्रमाग, शेती आणि जिल्ह्याचा इतिहास या विषयांना वाहिलेले आमचे मासिक सुरू करताना आम्ही भारतीय टपाल खात्याच्या ‘नोंदणीकृत वृत्तपत्र’ या सवलतीचा, म्हणजे वृत्तपत्रे आणि मासिके अत्यल्प दराने टपालाने पाठवण्याच्या सोयीचा, आधार घेतला. ही सेवा कोणाला उपयोगी पडते आणि कोणाला पडत नाही, हे नव्या संपादकांना आधीच कळावे यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आधी दर पाहू. नोंदणीकृत वृत्तपत्राची एक प्रत ५० ग्रॅमपर्यंत २५ पैशांत आणि १०० ग्रॅमपर्यंत ५० पैशांत जाते, आणि त्यापुढील प्रत्येक १०० ग्रॅमला २० पैसे पडतात. तोच ९० ग्रॅमचा अंक साध्या पत्राच्या दराने पाठवला, तर दर २० ग्रॅमला ५ रुपये या हिशेबाने २५ रुपये टपालहशील होते. म्हणजे वर्षाच्या १२ अंकांना ३०० रुपये लागतात आणि जिल्ह्यातल्या मासिकाची वार्षिक वर्गणी बहुधा तेवढीच असते. सवलतीच्या दराने हेच वर्ष ६ रुपयांत पार पडते. पत्राच्या दराने अंक पाठवणारे फार थोडे असतील हे खरे, पण बुकपोस्टच्या, म्हणजे छापील मजकूर उघड्या वेष्टनात पाठवण्याच्या, दराशी तुलना केली तरी फरक कित्येक पटींचा राहतो. माझ्या मते वर्गणीदारांवर उभ्या राहणाऱ्या मराठी मासिकासाठी आज याहून मोठी सार्वजनिक मदत नाही.

ही सवलत मागण्याआधी दोन वेगवेगळ्या नोंदण्या कराव्या लागतात आणि नव्या प्रकाशकांचा सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. पहिली नोंदणी प्रेस रजिस्ट्रार जनरल, म्हणजे नियतकालिकांची नोंदणी करणारे केंद्र सरकारचे अधिकारी, यांच्याकडे होते. १ मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा लागू झाला, त्यामुळे शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टल या सरकारी संकेतस्थळावर एकत्रच करायचा असतो, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचे अभिप्रायही त्याच मार्गाने जातात. पूर्वी प्रतिज्ञापत्रासाठी दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहावे लागे. ती पायरी गेली, हे चांगले झाले. मात्र या नोंदणीचा क्रमांक हाती आला म्हणजे टपालाची सवलत मिळाली, असे होत नाही. टपालाची नोंदणी स्वतंत्र असते, तिचा अर्ज टपाल विभागाच्या प्रवर अधीक्षकांकडे किंवा अधीक्षकांकडे करावा लागतो, तिचा क्रमांक वेगळा असतो आणि तो अंकावर वेगळा छापावा लागतो. नव्या मासिकाचे सुरुवातीचे अंक सवलतीविना पाठवावे लागतील असे धरूनच भांडवलाची तजवीज करावी.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत, परंतु त्या मासिकाच्या स्वरूपालाच हात घालतात. दोन अंकांमधील अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे दैनिक, साप्ताहिक, पाक्षिक आणि मासिक यांना वाट मोकळी आहे, द्वैमासिक आणि त्रैमासिकाला नाही. आपल्याकडची कितीतरी चांगली वाङ्मयीन नियतकालिके त्रैमासिक आहेत आणि ती या एका अटीमुळे बाहेर राहतात, ही मला या योजनेतील सर्वांत खटकणारी बाब वाटते. दुसरी अट मजकुराची आहे : अंकाचा संपूर्ण किंवा बराचसा भाग बातम्या, त्यांवरील लेख किंवा चालू घडामोडींवरील लेखन यांचा असावा. केवळ कवितांचे किंवा केवळ कथांचे मासिक काढणाऱ्यांनी या अटीचा विचार शीर्षक ठरवतानाच करावा.

तिसरी अट खऱ्या वर्गणीदारांची आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. किमान ५० वर्गणीदारांची यादी अर्जाला जोडावी लागते. आकडा लहान दिसतो, पण यादीत पैसे भरून अंक घेणारी माणसे अपेक्षित असतात. ज्यांना आपण प्रेमाने भेटअंक पाठवतो ते स्नेही, मान्यवर आणि जाहिरातदार त्यात धरू नयेत. नव्या मासिकाला पहिल्या अंकाआधी अशी माणसे मिळवणे कठीण असते, कारण न पाहिलेल्या अंकासाठी वर्षाचे पैसे कोणी सहजासहजी देत नाही. आम्ही छापलेला अंक हातात घेऊन नव्या पेठेतील दुकानदार, अशोक चौकाकडचे यंत्रमागधारक, बार्शीचे शिक्षक आणि सांगोल्याचे डाळिंब बागायतदार यांच्याकडे गेलो, प्रत्येकाला पावती दिली आणि पावतीपुस्तकावरूनच यादी तयार केली. हा क्रम मी प्रत्येकाला सुचवीन, कारण अशा यादीतील प्रत्येक नावामागे पावतीचा पुरावा असतो, आणि संपादकालाही आपला अंक कोणासाठी निघतो आहे हे नेमके कळते.

अर्जाबरोबर प्रेस रजिस्ट्रार जनरल यांच्या प्रमाणपत्राची प्रत, अंकाच्या प्रती आणि वर्गणीदारांची यादी द्यावी. अंक कोणत्या डाकघरातून आणि महिन्याच्या कोणत्या तारखांना टाकणार हेही सांगावे लागते. जुन्या मासिकांच्या मलपृष्ठावर तळाशी टपालाची तारीख आणि डाकघराचे नाव छापलेले असते, ते यासाठीच. तारीख ठरवताना छापखान्याला विचारल्याशिवाय शब्द देऊ नये. लग्नसराईत पत्रिकांच्या आणि निवडणुकीत प्रचारपत्रकांच्या कामामुळे मासिकाचे काम मागे पडते, आणि ठरलेली तारीख हुकली की सवलतही धोक्यात येते. तिकिटे न चिकटवता अंक टाकण्याचा परवाना वेगळा मागता येतो. शेकडो प्रती असतील तर तो जरूर मागावा.

वजनाच्या बाबतीत एक सल्ला आहे. ए-४ आकाराची ४० पाने ७० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर घेतली आणि मुखपृष्ठ १३० जीएसएमचे ठेवले, तर अंक १०० ग्रॅमच्या किंचित वर जातो. ६० जीएसएमचा कागद घेतला तर तो ९० ग्रॅमच्या आसपास राहतो. हे पाहून कागद हलका करण्याचा मोह होतो, पण १०० ग्रॅमची मर्यादा ओलांडल्याने वाढतात ते फक्त २० पैसे. तेवढ्यासाठी मागच्या पानावरची अक्षरे पुढे दिसणारा कागद वापरणे हा वाचकावर अन्याय आहे. दिवाळी अंकाचे वजन ४०० ग्रॅम भरले तरी हशील १ रुपया १० पैसेच होते. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक काढणाऱ्यांनी ३१ दिवसांची अट विसरू नये आणि आपला बेत टपालाच्या विभागीय कार्यालयाला आधी लेखी कळवावा.

वेष्टनाविषयी नियम सोपा आहे : आतला मजकूर तपासता येईल असे ते उघडे असावे आणि आत चिठ्ठी किंवा खासगी पत्र असू नये. वर्गणी संपल्याची सूचना हाताने लिहून आत सरकवण्याऐवजी ती अंकातच छापावी. पत्त्यांच्या चिठ्ठ्या पिनकोडप्रमाणे लावून गठ्ठे बांधले तर छाननी सोपी होते, पण ४१३ या पहिल्या तीन आकड्यांवर विसंबू नये. पंढरपूर ४१३३०४ आणि अक्कलकोट ४१३२१६ हे आपल्या जिल्ह्यातले, तर बारामती, धाराशिव, लातूर आणि श्रीरामपूर यांचे पिनही ४१३ नेच सुरू होतात. संपूर्ण सहा आकडे पाहूनच गठ्ठा करावा.

सेवेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. या दरात अंकाचा मागोवा घेता येत नाही, पोच मिळत नाही आणि हरवलेल्या अंकाची भरपाईही नसते, म्हणून दरमहा थोड्या जादा प्रती राखून ठेवाव्यात आणि अंक न मिळाल्याचे कळवणाऱ्या वर्गणीदाराला तक्रार न करता दुसरी प्रत पाठवावी. तरीही मंगळवेढा किंवा करमाळा तालुक्यातील वस्तीवर ग्रामीण डाकसेवकाच्या हातून अंक पोहोचतो, ही गोष्ट कोणत्याही कुरिअरपेक्षा मोलाची आहे. माझी खरी मागणी माहितीची आहे : अटी, कागदपत्रे आणि अर्जाचा नमुना हे सर्व सोप्या मराठीत एका पत्रकावर मुख्य डाकघराच्या खिडकीपाशी मिळायला हवे.

काही प्रकाशक १ मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’कडे पर्याय म्हणून पाहतात. ती सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून तिचे दर सुरू होतात आणि नियतकालिके तिच्यात स्वीकारली जात नाहीत. मासिकाबरोबर पुस्तकेही काढणाऱ्यांनी ती पुस्तकांपुरती जरूर वापरावी.

टपालाची नोंदणी कॅलेंडर वर्षांच्या हिशेबाने दिली जाते, साधारणपणे तीन वर्षांसाठी, आणि ती ३१ डिसेंबरला संपते. सोलापुरात जानेवारी उजाडताच सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची, म्हणजे यात्रेची, धामधूम सुरू होते, छापखान्यापासून जाहिरातदारांपर्यंत सगळे त्यात गुंततात, आणि त्याच महिन्याचा अंक जुन्या क्रमांकावर टाकता येत नाही. म्हणून शेवटच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज दिवाळी अंक टपालात पडताच द्यावा आणि नवा क्रमांक जानेवारीच्या मुखपृष्ठावर छापण्यासाठी वेळेत हाती येईल, असा पाठपुरावा करावा.