क्युरासाओचा ‘बीच पास’: पैसे भरण्याआधी हे वाचा

कॅरिबियन समुद्रातल्या क्युरासाओ बेटावर सुट्टीला जाणाऱ्या मराठी मंडळींना आधीच सांगते: तिथे सगळ्या किनाऱ्यांवर चालणारा ‘बीच पास’ नावाचा प्रकारच नाही. आम्हाला तो विकला गेला. दोन कुटुंबांचे मिळून 770 युरो गेले आणि मुलं ज्या दिवसाची वाट बघत होती तो दिवसही गेला.

नेदरलँड्समधले आपले लोक हिवाळ्यात तिकडे जातात, कारण अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून थेट विमान आहे, तिथे डच चालतं आणि बेट डच राज्याचाच भाग आहे. आपण परक्या मुलखात चाललोय असं वाटतच नाही. ही जाहिरात भारतीयांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती. फोन केला तर माणूस चक्क मराठीत बोलला. “ताई, मुलं आहेत ना बरोबर? मग रांगेची कटकट नको. मी सगळं आधीच करून ठेवतो.” पासात केनेपा ग्रांदी, प्लाया लागुन, प्लाया पिस्कादो आणि कास आबाओ हे किनारे, ब्लू रूम ही समुद्रातली गुहा आणि एक दिवस क्लाइन क्युरासाओ या शेजारच्या छोट्या बेटाची बोट. मोठ्यांना 140 युरो, मुलांना 70.

पैसे कसे घेतले तेवढं नीट वाचा. युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात युरो सहज पाठवायची जी सेपा व्यवस्था आहे, तिच्यात क्युरासाओ नाही, त्यामुळे तिथल्या खात्यात पैसे पाठवायचे तर वेळही लागतो आणि शुल्कही बसतं. हे खरं आहे, आणि या खऱ्या गोष्टीच्या आधारानेच त्याने गळ टाकला. “तिकडच्या खात्यात कशाला पाठवता? माझ्या इथल्या खात्यावर टाका, मी पुढे भरतो.” खातं डच बँकेचं, एका व्यक्तीच्या नावावरचं. पैसे पोचल्यावर क्यूआर कोड असलेले सुबक पास आले. त्यावर आमची नावं होती, तारखा होत्या.

पहिल्या दिवशी राजधानी विलेमस्टाडहून गाडीने बेटाच्या पश्चिम टोकाकडे, वेस्टपुंटच्या बाजूला गेलो. केनेपा ग्रांदीला ना फाटक, ना तिकीटघर. पायऱ्या उतरलं की निळंशार पाणी. खायचं विकणाऱ्या बाईंना पास दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, इथे किनाऱ्याचे पैसे कोणी घेत नाही, खुर्ची हवी असेल तर तिचं भाडं द्या. (जवळच केनेपाच्या मळ्याचा जुना वाडा आहे. 17 ऑगस्ट 1795 ला तुला नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली गुलामांचा उठाव याच मळ्यावरून सुरू झाला. मुलांना ते जरूर दाखवा.) प्लाया लागुनला तेच. प्लाया पिस्कादोला कोळी मासे साफ करतात, त्या वासाने समुद्री कासवं धक्क्यापाशी येतात. तिथेही उतरायला कोणी पैसे मागत नाही. ब्लू रूमच्या आत पोहतच जावं लागतं, आणि समुद्र खवळलेला असेल तर जाऊच नये, कारण लाटेबरोबर गुहेचं तोंड पाण्याखाली जातं. पास विकणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आणि याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे. लहान मुलं आहेत हे त्याला ठाऊक होतं.

कास आबाओला मात्र खरंच प्रवेशशुल्क आहे, कारण तो किनारा खाजगी आहे. फाटकावरच्या माणसाने कोड स्कॅन करायचं यंत्रसुद्धा नसल्याचं सांगितलं. आम्ही तिथे वेगळे पैसे भरून आत गेलो.

तरी बोटीची आशा होती. भल्या पहाटे मुलांना उठवून ‘काराकास बाय’ या खाडीतल्या धक्क्यावर पोचलो. बोटवाल्यांनी यादी पाहिली, आमची नावं नव्हती, आणि बोट भरलेली होती. त्यांचा यात काही दोष नाही. असेच पास घेऊन आणखी एक कुटुंब येऊन गेल्याचं त्यांनीच सांगितलं. क्लाइन क्युरासाओवर वस्ती नाही. जुनं दीपगृह आहे, किनाऱ्यावर गंजत पडलेलं जहाज आहे, आणि जाताना वाऱ्याविरुद्ध जवळजवळ दोन तास बोट हेलकावते. धाकटीने उलटीची गोळीसुद्धा घेतली होती. “आई, आपण उद्या जाऊ या ना?” असं ती विचारत राहिली, पण पुढच्या दिवसांचीही बोट भरलेली होती.

तुम्ही जाणार असाल तर बोट त्या बोटवाल्यांकडूनच घ्या, आणि पैसे पाठवण्याआधी त्यांच्या कार्यालयात फोन करून आरक्षण त्यांच्या यादीत आलंय का ते विचारा. शेते बोका आणि क्रिस्टोफेल या दोन राष्ट्रीय उद्यानांचं तिकीट दारावरच मिळतं. डच पोलिसांच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याचा खाते क्रमांक किंवा फोन नंबर टाकून आधीच्या तक्रारी आहेत का हे पाहता येतं. मिनिटभराचं काम आहे. तिथे काहीच आलं नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही, तेव्हा व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात पैसे टाकूच नका.

आम्ही पोलिसांत तक्रार केली आहे. पैसे आम्ही स्वतःहून पाठवल्यामुळे ते परत ओढता येणार नाहीत, असं बँकेने कळवलं. पास विकणाऱ्याचा तो नंबर आता बंद आहे, पण पामचं झाड आणि पिवळी पट्टी असलेला तोच पास गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर फिरत होता. तुमच्या ग्रुपवर दिसला तर अ‍ॅडमिनना लगेच सांगा, आणि कोणी पैसे भरले असतील तर त्यांना आजच बँकेला फोन करायला लावा.