कॅमेऱ्यामागे राहिलेला माणूस: लग्नाच्या छायाचित्रण सेवेचा एक अनुभव

धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही ज्या छायाचित्रकार बाईंना बोलावले होते, त्यांच्या कामाविषयी लिहिण्यासाठी मी मुद्दाम आठ महिने थांबलो. लग्न झाल्या झाल्या सगळीच छायाचित्रे सुंदर वाटतात. कोणती मागे पडली आणि कोणती घरातली माणसे पुन्हा पुन्हा काढून पाहतात, हे कळायला काही काळ जावा लागतो, आणि कामाची खरी पारख तेव्हाच होते. त्यांचे नाव येथे देत नाही. छायाचित्रकार निवडताना काय पाहावे, एवढे जरी या अनुभवातून कोणाला समजले तरी पुरे आहे.

लग्नाच्या तीन आठवडे आधी त्या घरी आल्या. नमुन्याचे अल्बम पसरून स्वतःच्या कामाची महती सांगतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्यांनी आमचेच जुने अल्बम पाहायला मागितले. आईबाबांच्या लग्नातली कृष्णधवल छायाचित्रे अजून स्वच्छ आहेत, तर आमच्या लहानपणची रंगीत छायाचित्रे तांबूस पडली आहेत, याचे कारण त्यांनी बोलता बोलता सांगितले: कृष्णधवल छायाचित्रातील प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि ती टिकाऊ असते, रंगीत छायाचित्रात मात्र रंगद्रव्ये असतात व त्या काळच्या कागदांवर त्यांतले निळसर द्रव्य बऱ्याचदा आधी विरते, म्हणून चेहऱ्यांवर लाली चढते. पाने उलटता उलटता त्या मध्येच थांबल्या आणि त्यांनी विचारले, “यात तुमचे वडील कुठे आहेत?”

बाबा त्यात नव्हतेच. वाढदिवस, सहली, शाळेची स्नेहसंमेलने, सगळीकडे आई आहे, आम्ही दोघे आहोत, आत्या आहे. बाबा नाहीत, कारण कॅमेरा कायम त्यांच्या हातात असे. ३६ छायाचित्रांचा एक रोल ते दोन-दोन सण पुरवून वापरत आणि स्वतःवर त्यातले एकही खर्च करत नसत. इतकी वर्षे आम्ही ते अल्बम पाहिले होते, पण ही उणीव आमच्यापैकी कोणालाही दिसली नव्हती. परक्या बाईंना ती अर्ध्या तासात दिसली. आमचा पुढचा सगळा निर्णय तिथेच झाला, असे म्हणायला हरकत नाही.

त्या दिवशी त्यांनी आमच्याकडून एक यादीही करून घेतली. कोणाचे कोणाशी नाते आहे, कोणाला फार वेळ उभे राहवत नाही, कोणते दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आणि म्हणून त्यांना एका ओळीत शेजारी उभे करू नये, असे प्रश्न त्यांनी संकोच न करता विचारले. आईला ही चौकशी थोडी आगाऊ वाटली. मला मात्र ती कामाचा भाग वाटली, कारण कुटुंब ठाऊक नसलेला छायाचित्रकार नटलेल्या चेहऱ्यांकडेच कॅमेरा वळवणार, आणि घरच्यांना नंतर हवी असलेली माणसे बहुधा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली असतात.

प्रत्यक्ष लग्नाच्या दिवशी त्या आणि त्यांचा तरुण सहायक असे दोघेच होते. प्रत्येक छायाचित्र एकाच वेळी दोन कार्डांवर नोंदले जाईल असे कॅमेरे त्यांनी वापरले आणि त्याच रात्री सगळे दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवून घेतले. लग्न पुन्हा होत नसते, त्यामुळे कोणाशीही व्यवहार ठरवण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी. मुख्य विधीच्या वेळी पाहुण्यांनी मोबाइल बाजूला ठेवावेत, अशी विनंतीही त्यांनी आमच्याकडून आधीच करवून घेतली होती. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले होते की, संग्रहालयातील ज्या वस्तूंची लोकांनी छायाचित्रे घेतली, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. संग्रहालय आणि लग्न यांत अंतर आहे, हे मान्य; पण हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “तुमचे वाढदिवस मला आठवतात ते त्या अल्बममधूनच.”

आम्हाला मिळालेल्या सुमारे सातशे छायाचित्रांपैकी निम्म्याहून अधिक अपेक्षित अशीच आहेत आणि त्यांच्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. प्रकाश नीट आहे, समूहचित्रांत कोणाचे डोळे मिटलेले नाहीत, रंग भडक नाहीत. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. निघण्यापूर्वी आई आणि बहीण आतल्या खोलीत काही मिनिटे एकट्याच होत्या. बाई दारापर्यंत गेल्या, एकच छायाचित्र घेतले, कॅमेरा खाली केला आणि दार ओढून घेऊन बाहेर येऊन उभ्या राहिल्या. ते छायाचित्र त्यांनी सर्वांना पाठवलेल्या संग्रहात घातले नाही. पाकिटात घालून आईच्या हातात दिले. आईने ते अजून मला दाखवलेले नाही. कधी थांबायचे आणि काय कोणाच्या स्वाधीन करायचे, ही समज उपकरणांच्या यादीत दिसत नाही. आमच्या मोबदल्यातला मोठा वाटा त्याच समजेसाठी होता, असे मी मानतो.

आता तक्रारी. अल्बम ठरलेल्या मुदतीनंतर सात आठवड्यांनी मिळाला, आणि उशीर होणार हे आम्हाला दोनदा विचारल्यावर कळले. त्याहून खटकली ती चेहऱ्यांवर केलेली सफाई. आत्याच्या हनुवटीवरचा तीळ पहिल्या प्रतींत नाहीसा झाला होता आणि कपाळावरच्या सुरकुत्याही गेल्या होत्या. आत्या हसून म्हणाली, “ही कोण बाई?” पण ती थोडी दुखावली होती, हे आम्हाला दिसत होते. जुने अल्बम इतक्या बारकाईने पाहिलेल्या व्यक्तीच्या हातून हे व्हावे, याचे मला नवल वाटले. सफाईचे काम बाहेर दिले जाते, असे त्यांनी सांगितले आणि आक्षेप घेतलेली सर्व छायाचित्रे कुरकुर न करता मूळ चेहऱ्यांसह पुन्हा करून दिली. तरीही ही गोष्ट आधीच लेखी ठरवून घ्यावी, असा माझा सल्ला आहे.

एक क्षण तर हातचा गेलाच. यादीतले ते न बोलणारे दोघे भाऊ जेवणानंतर जिन्यापाशी बराच वेळ बोलत उभे होते. तेव्हा बाई वरच्या मजल्यावर नवऱ्याकडच्यांची समूहचित्रे घेत होत्या आणि सहायक बॅटरी बदलत होता. त्याचा दोष मी कोणाला देत नाही, पण छायाचित्रांत ते दोघे आजही एकमेकांपासून लांबच उभे दिसतात.

बाबांची एकंदर अकरा छायाचित्रे आहेत. त्यांतले सर्वांत चांगले बाईंनी काढलेलेच नाही, ते सहायकाने टिपले आहे. रिकाम्या हातांचे काय करावे हे न सुचल्यामुळे बाबा दिवसभर बाईंच्या मागे मागे फिरत होते, आणि या छायाचित्रात ते त्यांच्या खांद्यामागे जरा वाकून, डावा डोळा मिटून, कॅमेरा पाहतो आहे तिकडेच पाहत आहेत. समोर काय आहे ते दिसत नाही. हे आम्ही मोठे करून बैठकीत लावले आहे.

आम्ही घेतलेला छापील अल्बम आम्लरहित कागदाचा आहे आणि बांधणी भक्कम आहे, पण माणसांची नावे कुठेच छापलेली नाहीत. ती सोय मागितली तर मिळते, हे आम्हाला उशिरा कळले. आजीच्या लग्नाच्या समूहचित्रात मागच्या रांगेतले दोन पुरुष कोण, हे आता कोणालाही सांगता येत नाही, त्यामुळे या वेळी बाबांनीच ते काम अंगावर घेतले. मागे कोऱ्या पानांवर ते रोज थोडे थोडे, प्रत्येक छायाचित्राचा क्रमांक घालून, डावीकडून उजवीकडे नावे लिहितात. सत्तावन्नाव्या छायाचित्रात नवरदेवाच्या मागे उभ्या असलेल्या चष्मेवाल्या गृहस्थांची जागा अजून रिकामी आहे; जावयांना विचारायचे राहिले आहे.