नाशिकमध्ये सात मजले: आरसीसी की लाकूड?

सराफ बाजारातला जुना लाकडी सरकारवाडा पाहिला की पटतं, कोरडं ठेवलेलं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. बहुमजली इमारतीत आता अखंड सागाऐवजी सीएलटी वापरतात, म्हणजे फळ्यांचे थर काटकोनात चिकटवून केलेली जाड पॅनल. नॉर्वेत 2019 मध्ये लाकडी सांगाड्यावर 18 मजले उभे राहिले.

आरसीसीची बाजू सोपी: गवंडी, सेंट्रिंगवाले, सिमेंट सगळं हाताशी. पण सिमेंट बनवताना भट्टीच्या इंधनातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि चुनखडीतूनही. उलट लाकडाच्या कोरड्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, आणि इमारत उभी आहे तोवर तो तिथेच साठून राहतो.

आगीची भीती सगळ्यांना वाटते. खरं तर जाड लाकूड मिनिटाला साधारण 0.7 मिमी जळतं. वर कोळसा धरतो आणि आतला गाभा भार पेलत राहतो. मला धास्ती आहे ती ओलीची आणि वाळवीची. लाकडातली ओल सतत 20 टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, आणि गोदाकाठी तर पूरही येतो.

म्हणून माझी पसंती तळमजला आरसीसीचा, वर लाकूड. त्याआधी आर्किटेक्ट, अग्निशमन दल आणि काष्ठशास्त्रज्ञ यांनी मिळून नाशिकच्याच पावसात पॅनल तपासायला हवीत.