जुनी टॉय ट्रेन दुरुस्तीला देताय? आधी टेबल उलटं करून फोटो काढा

जुन्या टॉय ट्रेनचं टेबल दुरुस्तीहून परत आल्यावर फसवणूक झाल्याचं माझ्या लक्षात यायला अकरा दिवस लागले, आणि तेही माझ्या मुलीमुळे. प्लग लावायला ती टेबलाखाली शिरली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, फळीवर एपीए असं छापलंय, म्हणजे काय हो?"

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लहानपणी पुण्यात बाबांनी तुळशीबागेतून चावीची पत्र्याची आगगाडी आणून दिली होती, तेव्हापासून हे वेड आहे. इथे आल्यावर समजलं की लायोनेल या अमेरिकन कंपनीच्या खेळण्यातल्या गाड्या जिथे बनायच्या ते हिलसाइड आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. मग काय, जुन्या गाड्या बघत हिंडणं सुरू झालं.

त्यातून ते टेबल हाती लागलं. इथल्याच एका छोट्या गावात एक हार्डवेअरचं दुकान होतं. दुकानदार वारले, दुकान बंद झालं, आणि त्यांच्या पत्नीने, नव्वदीच्या आजींनी, तळघरातलं टेबल विकायला काढलं. चार बाय आठ फुटांचं. लायोनेल त्या काळात आपल्या विक्रेत्यांना असे सजवलेले देखावे कारखान्यातच तयार करून देत असे. थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला दुकानदार तो काचेत मांडायचा आणि पोरं नाक चिकटवून उभी राहायची. खरं तर लायोनेलचा जन्मच दुकानाच्या काचेतला. जोशुआ लायोनेल कोवेनने १९०१च्या सुमाराला विजेवर चालणारी पहिली गाडी केली ती गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला. लोक आतला माल सोडून गाडीचीच किंमत विचारायला लागले, आणि तिथून धंदा फिरला. म्हणून दुकानातला देखावा माझ्या लेखी सुट्या इंजिनापेक्षा मोठा.

आजींच्या टेबलावर तीन रुळांच्या मार्गाची दोन वर्तुळं होती. मधल्या रुळातून वीज जाते, बाहेरच्या दोन रुळांतून परत येते. दोन्ही बाजूंना मुठी असलेला, विटेसारखा जड झेडडब्ल्यू ट्रान्सफॉर्मर. ३४६२ क्रमांकाचा, दूध वाहणारा आगगाडीचा डबा, बटण दाबलं की दार उघडून पांढऱ्या कपड्यांतला माणूस दुधाचा कॅन बाहेर ढकलतो. आणि ३९४ नंबरचा फिरता दिवा. या दिव्यात मोटर नाही. बल्बच्या डोक्याला बारीकसा खळगा असतो, त्यावर टोपी नुसती टेकलेली, आणि बल्ब तापला की वर जाणाऱ्या गरम हवेने ती गपगुमान फिरत राहते. जमीन म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा, सरसाने चिकटवलेला. हिरवा रंग उडून खाकी झाला होता.

फळीच्या खालच्या बाजूला लायोनेलचं लेबल आणि पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी होत्या. दर डिसेंबरला कोणता बल्ब बदलला ते दुकानदार लिहून ठेवायचे. आजींनी त्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे त्यांचं अक्षर." मी ३२०० डॉलर दिले. घासाघीस केली नाही, करवलीच नाही.

वायरींचं रबर कडक होऊन तडकलं होतं, एक वर्तुळ बंद होतं. एका शाळेच्या हॉलमधल्या छोट्या प्रदर्शनात एक गृहस्थ भेटले. पेनसिल्व्हेनियाचे, बोलायला फार गोड, जुन्या गाड्यांची खडान्‌खडा माहिती. आमच्या घरी आले, टेबल पाहून त्यांचे डोळे चमकले. ते मी पाहिलं होतं, आणि मला वाटलं हा माणूस माझ्यासारखाच आहे. काम ४८०० डॉलरचं ठरलं, २४०० आधी. "पावती-बिवती कशाला, आपण छंदातली माणसं," असं म्हणून त्यांनी अ‍ॅपवर पैसे 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून पाठवायला सांगितले. त्या मार्गाने पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बायको म्हणाली होती, "अहो, कागदावर काहीतरी घ्या." मी तिलाच समजावलं की इथे विश्वासावर चालतं.

चार महिने सांगून अकरा महिने लावले. फोटो मागितला की एखाद्या कोपऱ्याचा यायचा, पूर्ण टेबलाचा कधीच नाही. तिथे मी सावध व्हायला हवं होतं. "बघायला येऊ का?" म्हटलं की रंग ओला असायचा.

शेवटी टेबल आलं तेव्हा आम्ही सगळे हरखून गेलो. हिरवंगार गवत, चकचकीत रूळ, दोन्ही गाड्या सुसाट. उरलेले २४०० मी त्याच संध्याकाळी पाठवले. एकच गोष्ट खटकली. फिरता दिवा घुंईऽऽ असा आवाज करत होता. विचारलं तर म्हणाले, "जुना अडकायचा, म्हणून यंत्रणा सुधारून दिली." मी मान डोलावली.

मग तो एपीएचा शिक्का. एपीए म्हणजे मूळची अमेरिकन प्लायवुड असोसिएशन. रात्री शोधलं तेव्हा समजलं, त्या संस्थेने हे नाव घेतलं १९६४ मध्ये, आधी ती डग्लस फर प्लायवुड असोसिएशन होती. दुकानदारांनी टेबल मांडायला सुरुवात केली १९५३ला. म्हणजे १९५३च्या टेबलाला १९६४ नंतरची फळी.

मी टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवा झालो. पेन्सिलीच्या ओळी नव्हत्या. लायोनेलचं लेबल मात्र होतं, त्याच जागी, कडा पिवळ्या केलेल्या. आजींच्या तळघरात बायकोने मोबाइलवर एक फोटो काढला होता, टेबल दारातून कसं न्यायचं ते टेम्पोवाल्याला दाखवायला. त्यात फळीचं पोट दिसतं. दोन्ही लेबलं शेजारी धरली. फोटोतल्या लेबलावर पत्ता होता १५ ईस्ट २६वा स्ट्रीट, न्यूयॉर्क १०. माझ्या डोक्यावरच्या लेबलावर तोच पत्ता, पण शेवटी १००१०. पाच आकडी झिप कोड अमेरिकेत १९६३ मध्ये आले. त्याआधी शहराच्या नावापुढे नुसता विभागाचा आकडा असायचा. लेबल नव्याने छापताना दुरुस्ती करणाऱ्याने सवयीने आजचा पत्ता टाकला होता. माझे हातपाय गार पडले.

ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनचे एक जुने सभासद, वय ऐंशीच्या पुढे, आमच्या घरी आले. दिव्याला हात लावताच म्हणाले, "हा ३९४ नाही, ४९४ आहे. हा कंपनाने फिरतो, म्हणून घुमतो." सगळं तपासून ते खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले की तुझं टेबल दुरुस्त झालेलंच नाही. हात न लागलेल्या मूळ देखाव्याला संग्राहक चांगली किंमत देतात. त्यांचा अंदाज असा की मूळ टेबल तसंच्या तसं कुणाला तरी गेलं, आणि सुटे भाग जमवून मला दुसरं बांधून दिलं. माझ्याकडे याचा पुरावा नाही, पण नवी फळी आणि नवं लेबल याचा दुसरा अर्थ मला लागत नाही.

त्या गृहस्थांना फोन केला. आधी म्हणाले जुनी फळी कुजली होती. मग ती फेकली कुठे, विचारल्यावर "तुम्हाला नवं हवं होतं ना?" असं ऐकवलं. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. वकील म्हणाला, माणूस दुसऱ्या राज्यातला, लेखी करार नाही, मूळ भागांची यादी नाही. खटला भरता येईल, पण हाती काय लागेल सांगता येत नाही. मी तक्रार दिली आहे आणि ती सोडणार नाही.

त्या सभासदांनी मला जे सांगितलं ते सांगायलाच हे लिहायला बसलो. जुन्या गाडीत काही गोष्टी बदलाव्याच लागतात. ट्रान्सफॉर्मरची तडकलेली वायर बदला, नाहीतर आग लागेल. शिट्टीसाठीची, वीज एकाच दिशेने जाऊ देणारी जुनी रेक्टिफायर चकती काढून तेच काम करणारा डायोड बसवतात, तेही रास्त. पण फळी, भुसा, रंग, लेबल यांना हात लावण्याआधी मालकाची लेखी परवानगी हवी, आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी जळका बल्बसुद्धा, पिशवीत घालून परत मागायचा. देण्याआधी टेबल उलटं करून इंच-इंच फोटो काढायचे, प्रत्येक भागाचा नंबर लिहून त्यावर समोरच्याची सही घ्यायची. आपल्यापुरती एक खूण आत कुठेतरी करून ठेवायची, ती कुठे आहे हे कुणालाही न सांगता. आणि जो माणूस काम चालू असताना पूर्ण वस्तू दाखवत नाही, त्याच्याकडून त्याच दिवशी गाडी भरून आपली वस्तू परत आणायची, रंग ओला असला तरी.

पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये गाड्यांचा मोठा मेळा भरतो. मागच्या दोन्ही वेळी मी प्रत्येक हॉल पालथा घातला. विकायला ठेवलेलं टेबल दिसलं की विचारून खाली वाकून बघतो.

आजींना अजून सांगितलेलं नाही. ख्रिसमसला त्यांचा फोन आला होता, "दिवा फिरतोय ना?" म्हणून विचारत होत्या. मी हो म्हणालो. बायकोच्या त्या फोटोत पेन्सिलीच्या तीन ओळी वाचता येतात. चौथीची फक्त सुरुवात दिसते, डिसेंबर ६, आणि पुढे फोटो संपतो.