पीएसयूटिल: चाळीस जीबी खाणारा टीमक्स

आमचा एक जुना लिनक्स सर्व्हर आहे, रॅम आठ जीबी. त्यावर एकटा टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम) चाळीस जीबी खातोय, असं माझी पायथन स्क्रिप्ट सांगायला लागली, तेव्हा कुठे मी निमूटपणे पीएसयूटिल ही प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, मेमरी-सीपीयू सांगणारी पायथन लायब्ररी इन्स्टॉल केली.

चूक माझीच होती. लिनक्सवर प्रॉक फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचा एकेक फोल्डर असतो. आत ‘स्टॅट’ फाइल, आणि तिच्यात एका ओळीत पन्नासेक रकाने. मी ती ओळ सरळ स्पेसवर तोडायचो. दुसऱ्या रकान्यात प्रोसेसचं नाव कंसात असतं आणि टीमक्सचं नाव ‘टीमक्स: सर्व्हर’. मधल्या त्या एका स्पेसमुळे पुढचे सगळे रकाने एक घर सरकले. चोविसाव्यात रॅममधली पानं (4096 बाइटचे तुकडे) मोजलेली असतात; तिथे माझ्या हाती तेविसावा लागला, म्हणजे व्हर्च्युअल मेमरी (प्रोसेसने राखून ठेवलेली एकूण जागा), तीही बाइटमध्ये. तिला मी इमानेइतबारे 4096 ने गुणत होतो.

बरं, पहिला बंद कंस शोधून तोडावं, तर सिस्टमडीची (लिनक्सवर बाकी सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) ‘(एसडी-पॅम)’ प्रोसेस नावातच कंस घेऊन बसलेली! पीएसयूटिलचा कोड उघडला. तिथे बंद कंस उजवीकडून शोधलाय. बस्स, तिथेच पटली.

प्रोसेस मारतानाही पीएसयूटिल आधी ती प्रोसेस सुरू झाल्याची वेळ ताडून बघते. कारण नंबर पुन्हा वापरले जातात, आणि तोच नंबर एव्हाना भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो.

सीपीयूच्या टक्क्यांनी मात्र छळलं. पहिल्यांदा विचारलं की उत्तर 0.0. कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याकडे, फक्त आजवर वापरलेला एकूण वेळ असतो. दोनदा वाचून वजाबाकी केल्याशिवाय टक्के निघणार कुठून? ‘पीएस’ हा प्रोसेसची यादी दाखवणारा प्रोग्राम तोच वेळ प्रोसेसच्या अख्ख्या आयुष्याने भागतो. त्यामुळे दोघांचे आकडे जुळत नाहीत, आणि हे साहेबांना समजावण्यात माझा एक चहा गार झाला.

मॅकवर अर्धा तारा कापला. तिथे प्रॉक नाहीच, थेट कर्नलला विचारावं लागतं, आणि दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची मेमरी विचारली की परवानगी नाकारली जाते. ‘पीएस’ला ती दिसते, कारण तो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, हक्काने चालतो. माझ्या स्क्रिप्टला सुडो, म्हणजे तेच हक्क, द्यायची माझी तयारी नाही.

साडेचार तारे. टीमक्स सध्या चार एमबीत सुखाने नांदतोय.